गेमवरचा आकडा आणि घरातले मूल : वाढत्या वयाच्या मुलांना व्हिडिओ गेम कसे आणि किती मोकळे करावेत

गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत माझा नववीतला मुलगा शेजारच्या घरामागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, मित्राच्या फोनवर खेळताना मला सापडला. तो गेम मी आमच्या फोनवरून जूनमध्येच काढून टाकला होता, फोनला नवा पॅटर्न घातला होता आणि विषय मिटला असे धरून चालले होते. त्या दिवशी शांतपणे बसवून विचारले तेव्हा कळले की मधल्या चार महिन्यांत त्याचे खेळणे थांबलेच नव्हते. शिवाय गेममध्ये ओळख झालेल्या कोणीतरी फुकट डायमंड, म्हणजे गेममधली नाणी, देण्याचे आमिष दाखवून त्या मित्राच्या वडिलांच्या फोनवर आलेला ओटीपी त्याच्याकडून काढून घेतला होता आणि त्यात मित्राच्या घरचे अठराशे रुपये गेले होते. तीन आठवडे ही गोष्ट दोघांनी पोटात ठेवली. "मला का नाही सांगितलंस?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू पहिलं हेच विचारलं असतंस की, खेळत होतास कशाला म्हणून."

त्याचे म्हणणे खरे होते. मी तेच विचारले असते. माझ्या बंदीमुळे खेळ चालूच राहिला, बंद झाले ते माझ्याशी बोलणे. आणि अडचणीच्या वेळी त्याला सर्वांत जास्त गरज त्या बोलण्याचीच होती. हा मजकूर त्या अनुभवानंतर वर्षभरात जे शिकत गेले त्यातून लिहिला आहे. अकरा ते सतरा वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना, आणि आपल्याकडे मुले ज्यांच्या हाताखाली वाढतात त्या आजीआजोबांना, काकांना आणि आत्यांनाही तो उपयोगी पडावा अशी इच्छा आहे.

मी बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. पालकसभेत गेमचा विषय निघाला की दोन सूर ऐकू येतात. काहीजण ठामपणे सांगतात की आमच्या घरात गेम नावाची वस्तूच नाही, आणि त्यांचीच मुले मधल्या सुट्टीत कोणती बंदूक कोणत्या नकाशात मिळते याची चर्चा करत असतात. काहीजण हात टेकतात : "बाई, आमचं ऐकतच नाही, तुम्हीच सांगा त्याला." या दोन्ही सुरांमागे भीती आहे आणि ती निराधार नाही. २०१९ साली मोबाइल गेमच्या नादाशी जोडली गेलेली एक भयंकर घटना आपल्या जिल्ह्यात घडली आणि तिची चर्चा घराघरात झाली. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, शाळा बंद पडल्या आणि ऑनलाइन वर्गासाठी त्याच घरांनी मुलांच्या हाती फोन दिले. भीती आणि फोन एकापाठोपाठ घरात आल्यामुळे गेमकडे निवांतपणे, कुतूहलाने पाहण्याची संधी आपल्याला मिळालीच नाही, असे मला वाटते.

आकडा वाचायला शिका

चित्रपटावर 'यू', 'यूए' किंवा 'ए' असे लिहिलेले असते हे आपल्याला ठाऊक आहे; २०२४ पासून त्यातील 'यूए'चे ७, १३ आणि १६ वर्षांपुढील असे तीन भागही झाले आहेत. गेमच्या बाबतीत अशी पद्धत अमेरिकेत प्रथम गाजली. १९९३ मध्ये हिंसक गेमवरून तिथल्या सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या आणि १९९४ मध्ये ईएसआरबी ही वयश्रेणी ठरवणारी संस्था उभी राहिली. युरोपात २००३ पासून पेगी ही पद्धत आहे, तिच्या श्रेणी ३, ७, १२, १६ आणि १८ अशा आहेत. आपल्या फोनवरील प्ले स्टोअरमध्ये गेमच्या नावाखाली दिसणारा '३+', '७+', '१२+', '१६+' किंवा '१८+' हा आकडा आयएआरसी नावाच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून येतो. गेम बनवणारी कंपनी एक प्रश्नावली भरते आणि त्या उत्तरांवरून आकडा ठरतो. प्रत्येक गेम कोणीतरी शेवटपर्यंत खेळून तपासलेला असतो, असा समज करून घेऊ नये.

या आकड्याचा अर्थ आपल्याकडे बहुतेक पालक चुकीचा लावतात, म्हणून तो जरा सविस्तर सांगते. आकडा अवघडपणाचा नसतो. बुद्धिबळाच्या गेमवर '३+' असे लिहिलेले असते, म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला बुद्धिबळ येईल असे नव्हे. त्यात त्याने पाहू नये असे काही नाही, एवढेच त्यातून कळते. हिंसेच्या बाबतीत पेगीच्या श्रेणी साधारणपणे अशा चढत जातात : ७ मध्ये कार्टूनसारखी, इजा न दाखवणारी मारामारी चालते, १२ मध्ये काल्पनिक प्राण्यांशी किंवा खऱ्यासारख्या न वाटणाऱ्या माणसांशी लढाई असू शकते, १६ मध्ये मारामारी आणि मरण खऱ्या जगासारखे दिसू लागते, १८ मध्ये क्रूर हिंसा, असहाय माणसांची हत्या, अमली पदार्थांचे आकर्षक चित्रण अशा गोष्टी येतात. आज चाळिशीकडे झुकलेल्या अनेक वडिलांनी सायबर कॅफेत तासाला दहा-पंधरा रुपये देऊन 'व्हाइस सिटी' खेळलेला आहे. तो १८ वर्षांपुढील लोकांसाठीचा गेम होता हे ऐकून त्यांना आजही आश्चर्य वाटते, कारण त्या वेळी आकडा पाहायला कोणी सांगितलेच नव्हते.

आकड्यापेक्षाही उपयोगी असतो तो त्याच्याखालचा बारीक मजकूर, आणि तिथपर्यंत फार थोडे पालक पोहोचतात. आकड्यावर बोट ठेवले की हा आकडा का दिला याची कारणे दिसतात : हिंसा, भीती, शिवराळ भाषा, जुगारासारखे प्रकार. त्याच्याही खाली दोन ओळी असू शकतात. 'यूझर्स इंटरॅक्ट' असे लिहिले असेल तर खेळणारे अनोळखी लोक एकमेकांशी बोलू शकतात, आणि 'इन-गेम पर्चेसेस' असे लिहिले असेल तर गेम फुकट असला तरी आतमध्ये दुकान आहे. दुसरे खेळाडू बोलताना काय बोलतील, हे आकडा ठरवताना धरलेले नसते. त्यामुळे '७+' आकड्याच्या रंगीबेरंगी गेममध्येही एखादा तिशीतला माणूस तुमच्या मुलाशी गप्पा मारत असू शकतो आणि '१६+' आकड्याचा एखादा गेम एकट्याने, कोणाशी न बोलता खेळण्याजोगा असू शकतो. मला विचाराल तर बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी यांतला पहिला गेम अधिक काळजीचा आहे.

हा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. तो मुलालाच मोठ्याने वाचायला लावा आणि अर्थ मराठीत सांगायला सांगा. यात आपला कमीपणा नाही. उलट गेमविषयी बोलायला सुरुवात करण्याची याहून सोपी वाट मला अजून सापडलेली नाही.

फोन कोणाच्या नावाचा आहे

आपल्याकडील बहुतेक घरांत मूल ज्या फोनवर खेळते तो फोन वडिलांचा किंवा आईचा असतो. त्यातील गूगल खाते प्रौढ माणसाचे असते, त्यामुळे स्टोअर कोणताही गेम विनातक्रार देते. आणि त्याच फोनवर यूपीआय असते, ज्याचा पिन मुलाला पाठ असतो, कारण दुधाचे आणि किराणाचे पैसे त्यानेच पाठवलेले असतात. वयाचा आकडा काय आहे यावर विचार करण्याआधी ही व्यवस्था बदलली पाहिजे.

मुलासाठी त्याच्या खऱ्या जन्मतारखेचे वेगळे खाते काढा. गूगलच्या फॅमिली लिंकमध्ये तेरा वर्षांखालील मुलाचे खाते आईवडिलांच्या खात्याला जोडता येते, आणि त्यावरील वयाच्या मुलालाही त्याच्या संमतीने जोडता येते. कोणता गेम उतरवायला परवानगी द्यायची, दिवसाला किती वेळ, रात्री फोन कधी बंद व्हावा, हे सर्व त्यातून ठरवता येते. फोन एकच असेल तर काही फोनमध्ये दुसरा वापरकर्ता तयार करण्याची सोय असते. ती असल्यास मुलाचा कप्पा वेगळा करा. तीही नसेल तर निदान प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये फॅमिली या विभागात जाऊन पॅरेंटल कंट्रोल्स सुरू करा, त्याला मुलाला माहीत नसलेला पिन द्या आणि प्रत्येक खरेदीपूर्वी पासवर्ड मागण्याची सोय चालू ठेवा. यूपीआयचा पिन आजच बदला. त्याच वेळी ऑटोपेच्या यादीत आपण न दिलेली एखादी परवानगी आहे का, तेही पाहून घ्या.

खऱ्या जन्मतारखेचा आग्रह मी धरते त्याला कारण आहे. आपल्या देशात २०२१ मध्ये आलेल्या बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या लढाईच्या गेममध्ये अठरा वर्षांखालील खेळाडूसाठी पालकाच्या फोनवर ओटीपी जातो आणि दिवसाला तीन तासांची मर्यादा असते. माझ्या वर्गातील मुलांना मी याविषयी विचारले तेव्हा हसू फुटले : सर्वांचे जन्मसाल गेमच्या जगात २००० च्या आसपासचे होते. काही घरांत तर तो आकडा मोठ्या भावाने किंवा खुद्द वडिलांनीच भरून दिलेला होता. लहान वयाच्या माणसाला मिळणारे संरक्षण आपणच आपल्या हाताने काढून टाकले, तर पुढे गेमला बोल लावण्यात अर्थ राहत नाही.

हे सारे मुलाच्या पाठीमागे करू नका. त्याला शेजारी बसवून, प्रत्येक बटण कशासाठी आहे ते सांगत करा. गुपचूप लावलेली पाळत चौदा वर्षांच्या मुलाच्या आठवड्याभरात लक्षात येते आणि मग तो टाकीमागे जातो.

तासभर शेजारी बसा

कोणता गेम कोणत्या वयाला द्यावा, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याचे उत्तर कोणत्याही तक्त्यात नाही. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन चौदा वर्षांच्या मुलांपैकी एक हरल्यावर फोन बाजूला ठेवून जेवायला उठतो आणि दुसरा लहान बहिणीवर हात उगारतो. आकडा गेमची माहिती देतो. मुलाची माहिती आपल्यालाच गोळा करावी लागते, आणि त्यासाठी त्याच्या शेजारी किमान तासभर, न बोलता, न टोकता बसावे लागते.

मी जेव्हा पहिल्यांदा अशी बसले तेव्हा पहिली दहा मिनिटे तो अंग चोरून खेळला. मग विसरला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, वर्तुळ लहान होत जाते आणि शेवटी एकच संघ उरतो, एवढे मला कळले. त्याच्या संघात एक कन्नड बोलणारा मुलगा होता, एक हिंदी बोलणारा आणि एक आमच्याच गल्लीतला. माझा मुलगा तिघांशी तीन भाषांत बोलत होता. त्याचे कन्नड इतके सरळ चालते हे मला त्या दिवशी कळले, कारण शाळेच्या वहीत ते कधी दिसले नव्हते. हिंदी बोलणाऱ्याने शिवी दिली तेव्हा त्याने चोरून माझ्याकडे पाहिले आणि त्याचा आवाज बंद केला. शेवटच्या सहांत येऊन तो मारला गेला. "चुकलं माझं, उजवीकडं बघायला पायजे होतं," एवढेच तो पुटपुटला.

त्या एका तासात मला हव्या होत्या त्यांतल्या बऱ्याच गोष्टी दिसल्या. हरल्यावर दोष स्वतःच्या खेळाला देतो, की संघातील मुलांना आणि नेटवर्कला शिव्या घालतो? अनोळखी माणूस वाईट बोलला तर काय करायचे ते त्याला माहीत आहे का? आपले खरे नाव, शाळा, गाव तो सांगतो का? गेममधील माणूस मेला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय होते : डाव हरल्याची चुटपुट, की मारण्याचीच मजा? हाक मारल्यावर उत्तर येते का? ही निरीक्षणे एका दिवसाची पुरेशी नाहीत. आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा बसा, त्यातील एकदा रात्री आणि एकदा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. मूल थकलेले किंवा दबावाखाली असताना जसे वागते, तेवढीच मोकळीक त्याला सध्या झेपते असे समजावे.

अकरा-बारा वर्षांच्या मुलाला मी अनोळखी लोकांशी बोलण्याची सोय असलेला कोणताही गेम एकट्याने खेळू देणार नाही, त्यावर आकडा कोणताही असो. माइनक्राफ्टसारखा बांधकामाचा गेम या वयाला उत्तम. तो चुलत-मामे भावंडांनी एकमेकांत खेळावा. तेरा ते पंधरा या वयात एक पायरी वरचा गेम देऊन पाहायला हरकत नाही, पण फोन खोलीत नको, सोप्यावर किंवा पडवीत हवा, आणि आवाजाची सोय आधी फक्त ओळखीच्या मित्रांपुरती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाशी मात्र वेगळे बोलावे लागते. अकरावी-बारावीच्या वयाचा मुलगा दोन वर्षांत शिक्षणासाठी पुण्याला, हुबळीला किंवा कामासाठी गोव्याला जाणार असतो. तिथे त्याचा फोन कोणी तपासणार नाही. या वयात त्याच्या फोनचा पिन आपल्याकडे असण्यापेक्षा, रात्री अकराला स्वतः फोन ठेवून देण्याची सवय त्याच्याकडे असणे मला अधिक मोलाचे वाटते, आणि ती सवय घरात असतानाच लागू शकते. मुलगा बैलगाडी हाकायला शिकत होता तेव्हा कासरा सुरुवातीला आजोबांच्या हातात असायचा, मग दोघांच्या, आणि मग एक दिवस आजोबा मागे सरकून बसायचे. सतराव्या वर्षीही कासरा आपल्याच हाती राहिला, तर चूक मुलाची म्हणता येणार नाही.

अठरा वर्षांपुढील आकड्याच्या गेमबाबत मी कठोर आहे. असहाय माणसांना मारण्यात गंमत वाटावी अशी ज्याची रचना आहे, तो गेम पंधरा वर्षांच्या मुलाला नकोच. परंतु नकार देताना कारण सांगावे, आणि ते सांगता यावे म्हणून निदान त्या गेमचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ आपण स्वतः पाहिलेला असावा. न पाहता दिलेला नकार मुले ओळखतात.

एकत्र कुटुंबात आणखी एक अडचण असते. मे महिन्याच्या सुट्टीत सगळी भावंडे आजोळी जमतात, सतरा वर्षांचा दादा खेळत असतो आणि त्याच्या खांद्यावरून सात वर्षांची चिमुरडी पाहत असते. तिच्यासाठी आकडा वेगळा आहे. दादालाच ही जबाबदारी द्या : लहान मुले जवळ असताना हा गेम उघडायचा नाही. मोठ्या मुलांना अशी जबाबदारी दिली की ती नियम मोडण्याऐवजी नियमाची राखण करू लागतात, हा माझा घरातला आणि शाळेतला अनुभव आहे.

'आत्ता ठेव' आणि 'ही मॅच झाल्यावर'

घरातील निम्मी भांडणे या दोन वाक्यांतून होतात, आणि ती टाळता येण्यासारखी आहेत. शंभर खेळाडूंच्या मोठ्या नकाशावरील एक मॅच साधारण पंचवीस ते तीस मिनिटे चालते. ती मध्येच थांबवून ठेवता येत नाही; मध्येच बाहेर पडले तर संघातील बाकीचे अडचणीत येतात आणि खेळाडूची श्रेणी घसरते. कबड्डीचा डाव चालू असताना आईने मैदानावर येऊन हाताला धरून नेल्यासारखे ते मुलाला वाटते. म्हणून वेळ मिनिटांत ठरवू नका, मॅचमध्ये ठरवा. शाळेच्या दिवशी दोन मॅच, रविवारी चार; जेवणाला अर्धा तास असताना नवी मॅच सुरू करायची नाही. हा एक नियम लावल्यावर आमच्या घरातील आरडाओरडा जवळजवळ संपला. 'शेवटची मॅच' कोणती, हे आधी मुलानेच सांगायचे. त्याने सांगितलेला शब्द पाळला तर पुढच्या आठवड्यात थोडी वाढ. मोडला तर दुसऱ्या दिवशी खेळ नाही, आणि त्यावर व्याख्यानही नाही.

झोपेच्या वेळी फोन सर्वांचेच बाहेर राहावेत, आईवडिलांचेसुद्धा. आमच्याकडे रात्री साडेदहाला सगळे फोन देवघराशेजारच्या फळीवर चार्जिंगला लागतात. माझा फोन उशाशी आणि त्याचा फळीवर असे चालले होते तोपर्यंत तो नियम टिकला नाही.

पैशांचे आमिष

फुकट गेममधील दुकानात रोख रुपये दिसत नाहीत. आधी डायमंड किंवा तत्सम नाणी घ्यावी लागतात आणि मग त्यांवर कपडे, बंदुकीचे रंग किंवा चक्र फिरवण्याची संधी मिळते. रुपये आणि वस्तू यांच्यामध्ये हे नाणे घातल्यामुळे किती खर्च झाला याचा अंदाज मोठ्या माणसालाही येत नाही. चक्र फिरवून काय मिळेल ते नशिबावर असते, आणि 'अजून एकदा' या भावनेवर ते चालते. मुलाला एकदा कागदावर हिशोब मांडायला लावा : हव्या असलेल्या पोशाखासाठी किती डायमंड, तितक्या डायमंडना किती रुपये, आणि तेवढे रुपये उद्यमबागेतील कारखान्यात पप्पांना किती तासांनी मिळतात. माझ्या मुलाने हा हिशोब केल्यावर तो पोशाख घेतला नाही. पुढे एकदा वाढदिवसाच्या पैशांतून शंभर रुपयांचे काहीतरी घेतले आणि मी ते घेऊ दिले. स्वतःच्या पैशांतून केलेली छोटी चूक स्वस्तात शिकवते.

पैसे लावून खेळायच्या रमी, पत्ते आणि पैज लावण्याच्या ॲपचा प्रकार याहून निराळा आहे. अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. तरीही निरोपांच्या गटांतून अशा ॲपच्या लिंक फिरत राहतात. 'खेळा आणि कमवा' असे लिहिलेले काहीही उघडायचे नाही, या एका गोष्टीत वयाचा किंवा समंजसपणाचा प्रश्नच येत नाही.

मुलींविषयी

आपल्या भागात मुलाला निदान ओरडा बसतो, मुलीला मात्र गेमचे नावही काढू दिले जात नाही. माझ्या वर्गातील एक हुशार मुलगी भावाच्या खात्यावर, भावाच्या नावाने खेळते आणि बोलण्याची सोय कायम बंद ठेवते, कारण मुलीचा आवाज ऐकताच समोरून घाणेरडे बोलणे सुरू होते. हे ती घरी सांगू शकत नाही. सांगितले तर शिक्षा तिलाच होईल. मुलींनाही मोकळेपणाने खेळू द्या. नाव टोपण असावे, छायाचित्र नसावे, आवाज फक्त ओळखीच्या मैत्रिणींसाठी असावा, आणि त्रास देणाऱ्याला अडवून त्याची तक्रार गेममध्येच कशी नोंदवायची हे बटण दाखवून शिकवा. त्रास झाल्यावर तिचा फोन काढून घेऊ नका. तसे केले तर पुढचा त्रास आपल्यापर्यंत येणार नाही.

काळजी कधी करावी

खेळाची आवड आणि आजार यांत फरक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराचा समावेश केला आहे, आणि त्याच्या खुणा तीन सांगितल्या आहेत : खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला वरचे स्थान मिळणे, आणि नुकसान होत असूनही खेळणे चालू राहणे किंवा वाढणे. हे सर्वसाधारणपणे बारा महिने दिसावे लागते आणि त्यामुळे घर, शिक्षण किंवा मैत्री यांचे ठळक नुकसान झालेले असावे लागते. सहामाहीत गणितात दहा गुण कमी पडले म्हणजे व्यसन झाले, असे नाही. पण मूल आंघोळ, जेवण, मित्र, तालीम, क्रिकेट सगळे सोडू लागले, रात्र रात्र जागू लागले, पैसे चोरू लागले किंवा फोन घेतल्यावर स्वतःला इजा करण्याची भाषा बोलू लागले, तर बारा महिने वाट पाहू नका. १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा आहे. धारवाडमध्ये मानसिक आरोग्य आणि चेताविज्ञानाची सरकारी संस्था आहे, आणि बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी शट क्लिनिक नावाची खास सेवा चालते. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक असते. आमच्या मुलांनी तीन आठवडे घालवले, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

आमच्या घरातील करार वहीच्या एका पानावर, मुलाच्याच अक्षरात लिहिलेला आहे. त्यात सहा वाक्ये आहेत आणि त्यांतले पहिले मी लिहायला लावले : "गेममध्ये काही चुकीचे घडले आणि मी ते त्याच दिवशी सांगितले, तर माझा फोन काढून घेतला जाणार नाही." करार दर तीन महिन्यांनी पुन्हा वाचला जातो. आता तो दहावीत आहे. मार्चमध्ये परीक्षा आहे, म्हणून जानेवारीपासून शाळेच्या दिवशी एकच मॅच, असे त्याने स्वतःहून लिहिले. शनिवारची वेळ साडेनऊवरून दहा करावी अशी त्याची मागणी होती. ती आम्ही मान्य केली आणि त्याच्या पप्पांनी खाली सही केली.